कपाट उघडले तेव्हा

दिवाळी अंकात बसून दिवाळी अंकांविषयीच तक्रार करणे म्हणजे यजमानाच्या घरी फराळाला जाऊन चकली मऊ पडली असे सांगण्यासारखे आहे. पण संपादक मोठ्या मनाचे आहेत आणि तक्रार अंकांविषयी नसून माझ्याविषयी आहे. म्हणून धीर करतो.

मराठीच्या प्राध्यापकाला जुन्या दिवाळी अंकांचा नाद लागावा यात नवल नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरातल्या फराळात एका पदार्थाची कायमची भर पडली. या परंपरेचा अभ्यास करावा, म्हणून मी पहिला जुना अंक घेतला. रद्दीवाल्याकडून, वीस रुपयांना. पहिले वर्षभर हा छंद खरोखरच छंद होता. रविवारी सकाळी धुळीने हात काळे करून घेऊन यायचे आणि दुपारी आडवे पडून अंक शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून काढायचा.

मग हे अंक फोनवर मिळू लागले. एक विक्रेता रात्री दहा वाजता मुखपृष्ठांची छायाचित्रे पाठवी. जो आधी ‘माझा’ म्हणेल, त्याचा अंक. पावणेदहापासून माझे जेवणात लक्ष नसे. नोटा मोजून देताना हात थोडा तरी आखडतो, फोनवर बोट टेकवताना तो आखडत नाही. एखाद्या मासिकाचे नऊ वर्षांचे अंक जमले आणि मधला एक नसला, की नवांचे सुख जाई आणि त्या एकाची सल राही. दात पडला की जीभ जशी तिथेच जाते, तसे.

विलक्षण गोष्ट अशी, की अंक हाती येईपर्यंतच त्याची ओढ असे. पुडके फोडले की अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी कपाटात. वाचायचा पुढे सवडीने! पुढे पुढे पुडकी मी कॉलेजच्या पत्त्यावर मागवू लागलो. छंद घरच्यांपासून लपवावासा वाटला की तो छंद उरत नाही, हे दरवर्षी विद्यार्थ्यांना व्यसनावर निबंध लिहायला सांगणाऱ्या माणसाला कळायला हवे होते.

गेल्या वर्षी श्रावणात मी आईला म्हणालो, “आई, या महिन्यात जरा ओढाताण आहे. तुझ्या मोतीबिंदूचं दिवाळीनंतर बघू.”

“बघ बाबा तुझ्या सोयीनं,” ती म्हणाली. “मला कुठं आता परीक्षेला बसायचंय?”

त्याच रात्री मी साडेचार हजारांना एक अंक घेतला.

तो ठेवायला कपाट उघडले, तर तोच अंक आधीपासून तिथे होता. एक नव्हे, दोन प्रती! मी तसाच खाली बसलो. एवढ्यात आई भिंत चाचपडत आली. “कुठला रे अंक?” मी नाव सांगितले.

“अरे, हा आमच्या वाड्यात यायचा! सहा बिऱ्हाडांत मिळून एक. माझी पाळी शेवटची. तोवर पानांना चिवड्याचं तेल लागलेलं असायचं. आता मेलं दिसत नाही. तूच वाचून दाखव ना थोडं.”

आणि माझ्या तोंडून निघून गेले, “पिशवीतून काढला तर पानं तुटतील गं.”

ती काही बोलली नाही. माझे शब्द मात्र माझे मलाच ऐकू आले.

त्या रात्री मी सौ.पुढे फोन ठेवला आणि वही घेऊन बेरीज मांडली. चौदा महिन्यांत एक्क्याण्णव हजार सहाशे रुपये. आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घालून बसलो, पण तिने एवढेच विचारले, “अहो, यातले वाचलेत किती?”

मोजले. अकरा.

प्रतिज्ञा केली नाही. तीन आधीच मोडून झाल्या होत्या. विक्रेत्याशी संबंध तोडला. फोनवरून पैसे देण्याची सोय काढून टाकली. महिन्याला तीनशे रुपये रोख, पाकिटात. अंक मनात भरला तर त्याचे नाव वहीत लिहायचे आणि पंधरा दिवस थांबायचे. पंधरा दिवसांनी वही उघडली की बहुतेक नावे अनोळखी वाटत. मार्गशीर्षात एकदा घसरलो, पण त्याच संध्याकाळी सौ.ला सांगितले. सांगावे लागणार, ही जाणीव कुलपापेक्षा पक्की निघाली.

मग संग्रह करूच नये काय? पुण्यातच दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा हजारो वस्तू जमवल्या. १९६२ साली तो सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. आज कोणीही तिकीट काढून तो पाहू शकतो. ते जमवीत होते लोकांनी पाहावे म्हणून. मी जमवीत होतो ते पिशवीत घालण्यासाठी. त्यांचा तो संग्रह आणि माझा तो साठा.

आईचे ऑपरेशन दिवाळीपूर्वीच झाले. जादा प्रती आणि अभ्यासाचे अंक कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. उरलेल्यांच्या पिशव्या मी स्वतः काढल्या. काल आई चिवड्याची वाटी शेजारी घेऊन तोच साडेचार हजारांचा अंक वाचीत होती. पान उलटताना कोपरा तुटला, वर तेलाचे बोटही उमटले. जिवाचे पाणी पाणी झाले, खोटे कशाला सांगू? “आई, हात पूस,” हे शब्द ओठांपर्यंत आले होते. ते गिळले आणि तिच्या वाटीतला मूठभर चिवडा घेऊन शेजारी बसलो.

वाचकहो, हा अंक वाचून झाला की शेजारी द्या. फक्त मला ठेवायला पाठवू नका!