दिबांचे साडेबारा टक्के

दिनकर बाळू पाटील, म्हणजे रायगडकरांचे दिबा, यांचा जन्म 13 जानेवारी 1926 रोजी उरण तालुक्यातील जासई येथे बेताच्या परिस्थितीतील आगरी शेतकरी कुटुंबात झाला. जासई, न्हावा, शेवा या पट्ट्यातील शेती खारजमिनीवरची. बांध घालून खाडीचे पाणी अडवायचे, पावसावर भाताचे एकच पीक घ्यायचे आणि उरलेले महिने मिठागरात किंवा मासळीवर काढायचे. उधाणाला बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरे आणि पुढची पिकेही जात. पिकले त्यातही खोत-सावकाराचा वाटा असेच. अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी 1933 ते 1939 या काळात जमीन न कसण्याचा संप केला. दिबांचे बालपण याच वर्षांतले.

पुढे त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पनवेलमध्ये वकिली केली आणि शेतकरी कामगार पक्षात काम सुरू केले. 1957 पासून ते पाच वेळा पनवेलचे आमदार झाले, दोनदा खासदार. गरिबीतून वर आलेल्या माणसाच्या चरित्रात असा चढता आलेखच रंगवून सांगण्याची रीत आहे. दिबांच्या बाबतीत तो दुय्यम ठरतो; महत्त्वाचा आहे तो त्यांचा जमिनीचा लढा.

1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी निश्चित झाली. पाठोपाठ न्हावा शेवा बंदराची आखणी आली. सरकारी हिशेबात खारजमीन म्हणजे एकपिकी, हलक्या प्रतीची शेती, आणि मोबदलाही तसाच. बंदर आणि शहर उभे राहिल्यावर त्याच जमिनीला येणारा भाव या हिशेबात कुठेच नव्हता. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी दास्तान फाटा आणि नागाव येथे शेतकरी दिबांच्या नेतृत्वाखाली भूसंपादनाविरुद्ध उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्याच वर्षाअखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेतही, रायगडच्या कुलाबा मतदारसंघाने दिबांना लोकसभेत पाठवले.

आंदोलनाचे खरे फळ म्हणजे साडेबारा टक्के योजना. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत द्यायचा. एकर गेला तर पाच गुंठे. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी कपात होतेच. आकडा लहान दिसतो, पण शेतकऱ्याचे विकासाशी असलेले नाते त्यामुळे बदलले. रोख रक्कम लग्नात, कर्जफेडीत दोन-चार वर्षांत संपते, हे भाताच्या एका पिकावर वर्ष काढलेल्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. भूखंडाला मात्र शहराबरोबर भाव चढतो. विकासातून वाढणाऱ्या किमतीत मूळ मालकाचा वाटा ठरवणे, ही दिबांची सर्वांत मोठी कामगिरी मानावी लागेल, नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव देण्याच्या मागणीपेक्षा कितीतरी मोठी.

योजनेच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. वाटा सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाला. मिठागरातला मजूर आणि खाडीवर पोट असलेला कोळी यांच्या नावे सातबारा नव्हताच. बंदरासाठी शेवा कोळीवाडा हलवून वसवलेल्या हनुमान कोळीवाड्यातील घरे वाळवीने पोखरली आणि तेथील रहिवाशांना पुन्हा पुनर्वसनासाठी भांडावे लागले. भूखंड मिळालेल्यांपैकी अनेकांनी कागदपत्रांच्या आणि वाटण्यांच्या कटकटीला कंटाळून ते बिल्डरांना विकले.

बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे पंतप्रधानांच्या हस्ते मिळाली 16 ऑगस्ट 2014 रोजी. त्याच्या वर्षभर आधी, 24 जून 2013 रोजी, दिबांचे निधन झाले होते.