पडदा किती, पॅड किती

२००५ साली जर्मनीतल्या दुकानांत एक जपानी खेळ आला. नाव 'झेनोसागा : एपिसोड २' आणि उपशीर्षक चक्क जर्मन, 'येनझाइट्स फोन गूट उंड ब्योजे'. नीत्शेच्या ग्रंथाचेच ते नाव. अडचण एवढीच होती की पहिला भाग युरोपात विक्रीला आलाच नव्हता. फेब्रुवारी २००२ मध्ये तो जपानमध्ये निघाला, वर्षभराने अमेरिकेत पोचला आणि तिथेच थांबला. मग दुसऱ्या भागाच्या गिऱ्हाइकाला आधीची गोष्ट कळावी कशी? तोड अशी निघाली की खेळासोबत एक डीव्हीडी द्यायची आणि तिच्यावर पहिल्या भागातली कटसीन ओळीने लावायची. कटसीन म्हणजे खेळ थांबवून दाखवलेला गोष्टीचा चित्रित तुकडा. तो चालू असेपर्यंत खेळाडूच्या हातातले पॅड बहुधा निकामीच असते. जर्मन खेळाडूने पहिला भाग असा नुसता पाहिला आणि दुसरा खेळला. तिसरा भाग, 'आल्झो श्प्राख त्साराथुस्त्रा', २००६ मध्ये आला, पण तोही जपान-अमेरिकेपुरताच. नीत्शेच्या देशात नीत्शेची नावे मिरवणारी ही त्रयी मधल्या एका भागापुरतीच खेळता आली.

जपानी रोल-प्लेइंग खेळांबद्दलची, म्हणजे जेआरपीजींबद्दलची, सर्वांत जुनी तक्रार हीच आहे की पाहायला फार आणि खेळायला कमी. तिचे उत्तरही ठरलेले असते. हे खेळ गोष्टीसाठीच घ्यायचे, ज्याला नुसती मारामारी हवी त्याने दुसरीकडे जावे. दोन्ही पक्ष मिनिटे मोजत बसतात, अमक्या खेळात इतके तास कटसीन, तमक्यात तितके. त्या डीव्हीडीमुळे प्रश्न जरा निराळा विचारता येतो. खेळातून हात काढून घेतला आणि पडदा तेवढा ठेवला, तर हरवते काय?

'झेनोसागा'च्या पहिल्या भागापुरते उत्तर खेळ बनवणाऱ्यांना खजील करणारे आहे, कारण कथानक फारसे हरवत नाही. दिग्दर्शक तेत्सुया ताकाहाशी यांनी सहा भागांची गाथा योजली होती. ती पुढे तीन भागांत आटोपली. पृथ्वीपासून दुरावून अवकाशात पांगलेली माणसे, हाती न लागणारे 'नोसिस' नावाचे शत्रू, त्यांना माराच्या टप्प्यात ओढणारी यंत्रमानवी कॉसमॉस, तिच्यावर काम करणारी अभियंता शिऑन, असा पसारा आहे. जर्मन संदर्भांची तर रेलचेल. शत्रूला प्रत्यक्षात आणणाऱ्या शक्तीला गोटिंगनचे गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांचे नाव, सुरुवातीच्या युद्धनौकेला वाग्नरच्या ऱ्हाइनकन्येचे, वोग्लिंड. संगीत यासुनोरी मित्सुदा यांचे आणि वादन लंडन फिलहार्मोनिकचे. थाट मोठा होता, पण तो जवळजवळ सगळा पडद्यावर. खेळाडूने बोळातून चालायचे, दोन-चार लढाया करायच्या, दार उघडायचे आणि पॅड मांडीवर ठेवायचे. लढाईची घडण वाईट नव्हती, आपली पाळी पुढे ओढून घेण्याची युक्ती तर चांगली रंगायची. पण लढाईत जे घडले त्याचा पडद्याला पत्ता नसे. एखाद्या पात्राला तुम्ही खांद्यावर घेऊन फिरलात काय किंवा कोपऱ्यात बसवून ठेवलेत काय, पुढचे कटसीन तेच. म्हणूनच ती डीव्हीडी निघू शकली. त्याच वर्षी जपानी टीव्हीवर याच कथेची बारा भागांची ॲनिमे मालिकाही झाली, तिलाही काही अडले नाही.

(पहिल्या भागाचे उपशीर्षक 'डेअर विले त्सूर माख्ट'. त्या नावाचे पुस्तक नीत्शेने स्वतः सिद्ध केलेच नव्हते. त्याच्या टिपणांतून बहीण एलिझाबेथ आणि सहकाऱ्यांनी ते त्याच्या मृत्यूनंतर, १९०१ मध्ये, जुळवून काढले. जर्मनीत त्याच नावाचा खेळही कापून जुळवलेल्या रूपातच पोचावा, हा योग कुणी मुद्दाम आणलेला नसणार.)

पडदा असा फुगतो तो केवळ दिग्दर्शकाच्या सिनेमावेडामुळे नाही. मोठ्या खेळात कटसीन लवकर ठरवावे लागते. पटकथा, आवाज, हालचालींचे चित्रण हे सगळे एकदा झाले की बदलणे महाग पडते. खेळण्याची बाजू मात्र शेवटपर्यंत घासत-पुसत राहावी लागते. वेळ किंवा पैसा संपत आला की कात्री लागते ती एखाद्या प्रदेशाला, एखाद्या किल्ल्याला. आणि तिथे पडलेले भगदाड बुजवायला पुन्हा निवेदन किंवा चित्रणच वापरले जाते. ताकाहाशी यांच्याच 'झेनोगिअर्स'मध्ये (१९९८, स्क्वेअर) हे उघड दिसते. दुसऱ्या डिस्कवर पात्रे खुर्चीत बसून घडलेले सांगतात आणि खेळाडू ऐकतो. नवखी माणसे होती, मुदत संपत आली होती, पहिल्या डिस्कवरच गोष्ट तोडण्यापेक्षा ती आवरती घेऊन पुरी करणे बरे वाटले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. हा खेळही युरोपात कधी विकला गेला नाही.

आता उलट बाजूचे उदाहरण. नोव्हेंबर १९९७ मध्ये जर्मनीत 'फायनल फँटसी ७' आला, मुख्य मालिकेतला युरोपात विकला गेलेला पहिला खेळ. त्याचे जर्मन भाषांतर इतके कच्चे होते की तिथले जुने खेळाडू आजही त्याची थट्टा करतात. तरीही खेळाडूच्या तुकडीतल्या एरिसच्या मृत्यूचा प्रसंग लोकांच्या मनात घर करून राहिला. तो प्रसंग कटसीनमध्येच घडतो, खेळाडूला काहीही करता येत नाही, आणि चित्रण लांबलचकही नाही. खरी करामत त्यानंतर लगेच आहे. लढाई सुरू होते, पण एरवी वाजणारे लढाईचे संगीत वाजत नाही. एरिसची हळवी धून तशीच चालू राहते आणि तिच्यावरच तुम्हाला हल्ले करावे लागतात, औषधे द्यावी लागतात. पुढे तीन जणांची तुकडी निवडताना तिचे नाव नसते. तिच्यावर केलेली मेहनत, शिकवलेली कौशल्ये गेलेली असतात. पडद्याने हातातून काहीतरी काढून नेले आणि ते हाताला कळले. हीच दृश्ये डीव्हीडीवर लावली तर वाईट वाटेल, पण तुकडीत रिकामी जागा उरणार नाही.

मराठी वाचकाला हा पेच संगीत नाटकावरून चटकन ओळखता येईल. १८८० मध्ये किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणल्यापासून पद आणि गद्य यांची ही ओढाताण आपण पाहिली आहे. बालगंधर्वांच्या गाण्यासाठी रात्र जागवणाऱ्या प्रेक्षकाला कथानक अडल्याचे काही वाटत नसे. 'वन्स मोअर' देणारा तोच होता. पुढे १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा'त गाणी मोजकी केली, तेव्हा तक्रार गाण्याच्या लांबीपेक्षा पात्राच्या अवस्थेशी नाते तुटलेल्या गाण्याबद्दल अधिक होती. ज्या प्रसंगातून पद फुटते त्याच प्रसंगाला ते पुढे ढकलत असेल, तर पाऊण तासही खपतो. कटसीनलाही आम्ही हीच कसोटी लावू. आधी हाताने जे केले त्यातून ते निघाले का, आणि संपल्यावर हाताला काही नवे देऊन गेले का?

जर्मनांची स्वतःची रोल-प्लेइंग खेळांतली कमाई पाहिली तर दुसरे टोक दिसते. रुरच्या खोऱ्यातल्या पिरान्हा बाइट्स या छोट्या स्टुडिओने २००१ मध्ये 'गोथिक' काढला. जादूच्या घुमटाखाली कोंडलेली एक खाणवजा तुरुंगवस्ती आणि तिच्यात फेकलेला एक बिननावाचा कैदी. सुरुवातीचे चित्रण आणि मधले मोजके प्रसंग सोडले तर पडदा फारसा आडवा येत नाही. तीन छावण्यांचे राजकारण चालून, विचारून, मार खाऊन शिकायचे. भांडणात हरलात तर समोरचा बहुधा जीव घेत नाही, खिसा रिकामा करून निघून जातो. खेळाडूला आपली पायरी इतक्या नेमकेपणाने दाखवून देणारे कटसीन आम्हाला आठवत नाही. पण म्हणून 'गोथिक'ला आदर्श ठरवायची घाई नको. त्या बिननाव कैद्याचे दुःख आपल्याला कधीच होत नाही, कारण त्याला स्वतःचे असे काही नाहीच. जपानी खेळ ठरीव चेहऱ्याची, ठरीव भूतकाळाची माणसे देतात आणि तसल्या माणसांना बोलायला वेळ द्यावाच लागतो. शिवाय साठ-सत्तर तासांच्या खेळात मोठी लढाई संपल्यावर हात खाली ठेवून नुसते पाहणे ही विश्रांती असते. दिवसभर काम करून रात्री तासभर खेळणाऱ्याला ती नकोशी नसते.

बऱ्याचदा राग येतो तो दृश्यावर नसतोच, त्याच्या जागेवर असतो. 'फायनल फँटसी १०'मध्ये (युरोपात २००२) कटसीन वगळताच येत नाहीत. काही अवघड लढायांत हरलात की आधीचे सगळे संभाषण पुन्हा ऐकायचे. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आणणारा संवाद चौथ्यांदा ऐकताना दात-ओठ खावे लागतात. हा दोष सुधारायला प्रतिभा लागत नाही, एक बटण लागते. 'फायनल फँटसी १६'ने (२०२३) त्यापुढे जाऊन एक सोय दिली. दृश्य मध्येच थांबवून समोरचे पात्र कोण, हे राज्य कुठले, याची टिपणे वाचता येतात. पंधरा दिवसांनी खेळाकडे परतणाऱ्याला ती सोय किती मोलाची आहे, ते त्यालाच ठाऊक.

जर्मनीत भाषेचा भार वेगळा. तिथे परदेशी सिनेमाही सर्रास जर्मन आवाजात पाहिला जातो. 'पर्सोना ५' मात्र २०१७ मध्ये तिथे इंग्रजीतच आला; जर्मन मजकूर मिळाला तो २०२० च्या 'रॉयल' आवृत्तीत. शंभर तासांचा, बोलघेवडा खेळ परक्या भाषेत वाचत खेळायचा म्हणजे प्रत्येक कटसीन दुप्पट लांब वाटणार. मराठी खेळाडूला याचा अनुभव सांगायला नको.

पाहणे आणि खेळणे यांतली सीमा जर्मन व्यवस्था एरवी काटेकोर पाळते. सिनेमाला वयाचा दाखला एफएसके देते, खेळाला बर्लिनची यूएसके. आणि यूएसकेचा तपासनीस खेळ खेळून मग समितीला दाखवतो. ही सीमाही आता विरघळते आहे. पीटस्मीट ही जर्मन यूट्यूबरांची मंडळी खेळाची दृश्ये ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर चोवीस तास दाखवू लागली, तेव्हा २०१७ मध्ये माध्यम नियामकांनी त्याला सरळ प्रसारण ठरवून परवाना मागितला. २००५ मध्ये कंपनीला वेगळी काढावी लागलेली डीव्हीडी आज कुठल्याही खेळाची, प्रकाशनाच्या आठवडाभरात, कुणीही बनवतो. ज्याला फक्त गोष्ट हवी त्याला ती फुकट मिळते. अशा वेळी सुटून निघणाऱ्या कटसीनवर सारा पैसा लावणारा निर्माता आपलीच विक्री कमी करतो, असे आम्हाला वाटते.

ताकाहाशींना हे उमगलेले दिसते. त्यांचा 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स' ऑगस्ट २०११ मध्ये युरोपात आला, जर्मन सबटायटल्ससह, आणि अमेरिकेच्या आधी. तिथे तो पोचायला एप्रिल २०१२ उजाडला. कटसीन याही खेळात भरपूर आणि लांब आहेत. बदल झाला तो सांध्यात. नायक शल्कला भविष्य दिसते, आणि ते फक्त पडद्यावर दिसत नाही. लढाई ऐन रंगात असताना शत्रूचा पुढचा घाव, तो कुणाला लागणार आणि किती सेकंदांत, हे खेळाडूलाही दाखवले जाते. साथीदाराला सावध करायचे, ढाल उभारायची की शत्रूला आधीच पाडायचे, हे तुमच्या हाती. नियती बदलता येते का, हा गोष्टीचा गाभा दर लढाईत बोटांना पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो. डीव्हीडीवर तो कसा बसवणार?

शिवाय पात्रांच्या अंगावर तुम्ही चढवलेले चिलखत आणि कपडे कटसीनमध्ये तसेच दिसतात. बचाव वाढतो म्हणून खेळाडूने एखाद्याला विजोड टोप आणि भडक विजार घालावी, आणि तोच पुढच्या दृश्यात त्या वेषात गंभीर चेहऱ्याने शपथा घेताना दिसावा, असे प्रकार या खेळात सर्रास होतात. ज्या दिग्दर्शकाचे जुने काम सलग चित्रपटासारखे डीव्हीडीवर चढवता आले होते, त्याने आपल्या शोकप्रसंगांत ही विजार चालवून घेतली. २०२० च्या नव्या आवृत्तीत वेष वेगळा निवडण्याची सोय आली, तेव्हा कित्येकांनी तो मुद्दामच जास्त हास्यास्पद निवडला.