पहिला फोन तबलजीला करा

गणपती तोंडावर आले की फोन सुरू होतात. "आमच्या मंडळात तासभर गाणं करा हो. मानधनाचं काही जमायचं नाही, पण व्यासपीठ मिळेल." नोकरी सांभाळून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या आपल्यासारख्यांना असा फोन आला की बरं वाटतं. कुणाला तरी आपलं गाणं हवं आहे, याचं सुख मोठं असतं. मी वीसेक वर्षं पेटीची साथ करतो आहे आणि त्यातले निम्म्याहून जास्त कार्यक्रम बिदागीशिवायच केले आहेत. त्यामुळे फुकट वाजवू नका, असं मी सांगणार नाही. कुठे वाजवायचं आणि कुठे नाही, तेवढं सांगतो.

मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. 1937 साली गेलेल्या खाँसाहेबांची कबर त्याच आवारात आहे. नावाजलेले गवईही तिथे बिदागी न घेता हजेरी लावतात. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं, ते पाळ्या लावून गाणाऱ्या भजनी मंडळींच्या जोरावर. आपल्या गावच्या देवळातलं एकादशीचं भजन तसंच. सतरंजी अंथरणारा, टाळ धरणारा, शेवटी चहा करणारा, सगळेच आपापला वेळ घालून आलेले असतात. अशा ठिकाणी पैशाचा विषयही काढू नका. मनापासून गा.

शिकाऊ माणसाला तर लोकांपुढे बसण्याला पर्याय नाही. घरी स्वच्छ लागणारा स्वर माईकसमोर हलतो, लय नकळत चढते, तोंडपाठ अंतरा ऐन वेळी आठवत नाही. हे बंद खोलीत कळत नाही. गुरुपौर्णिमेला गुरूंच्या घरी, कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर, वृद्धाश्रमात, जिथे बोलावतील तिथे सुरुवातीची दोन-तीन वर्षं जरूर गा.

पण जिथे बाकी सगळ्यांना पैसे मिळतात आणि फक्त कलाकाराला नारळ, तिथे थांबून विचार करा.

एका मंडळात आम्ही चौघे गेलो होतो. मांडववाला, साऊंडवाला, लाईटवाला, फुलवाला, सगळ्यांचे पैसे ठरलेले होते. आम्हाला शाल-श्रीफळ. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझा पगार पहिल्या तारखेला होणारच होता. आमचा तबलजी मात्र शिकवण्यांवर घर चालवतो. त्या संध्याकाळी त्याने दोन शिकवण्या बुडवल्या, तबला-डग्गा घेऊन रिक्षाने आला आणि रिक्षाचं भाडंही स्वतःच्या खिशातून दिलं. मंडळाला "हो" म्हणताना मी त्याला विचारलंच नव्हतं. माझी हौस मी त्याच्या पैशाने भागवली होती. हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली, याची आजही खंत आहे.

आणखी एक नुकसान होतं, ते आपल्याला दिसत नाही. यंदा आपण फुकट गायलो की पुढच्या वर्षी गाण्यावर पोट असलेल्या कलाकाराला तेच मंडळ सांगतं, "गेल्या वेळचे तर नुसत्या नारळावर आले होते."

व्यासपीठाचं आमिषही फारसं मनावर घेऊ नका. माझ्या अनुभवात एका फुकट कार्यक्रमातून पुढचा फुकट कार्यक्रमच मिळाला.

म्हणून फोनवर सरळ विचारा, साऊंडवाल्याला पैसे देता का? उत्तर "हो" असेल, तर निदान साथीदारांची बिदागी आणि सगळ्यांचं येण्याजाण्याचं भाडं आधी ठरवून घ्या आणि ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा. स्वतःसाठी काही नको असेल तर तसं सांगा, पण साथीदारांच्या वतीने उदार होऊ नका. विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण मांडववाला आपला दर सांगताना लाजत नाही आणि त्यामुळे त्याला कुणी लोभी म्हणत नाही.

यंदा फोन आला की लगेच होकार देऊ नका. "साथीदारांशी बोलतो आणि संध्याकाळी कळवतो," एवढंच म्हणा. मग पहिला फोन तबलजीला करा.