प्रकाशझडप आणि भारतातील डिस्प्ले पॅनेल उद्योग

प्रकाशझडप किंवा लाइट व्हॉल्व्ह म्हणजे स्वतः प्रकाश निर्माण न करता मागून येणारा प्रकाश बिंदूबिंदूने अडवणारे अथवा सोडणारे साधन होय. एलसीडी पडद्याचे पॅनेल ही अशा लाखो झडपांची जाळी असते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी परिसराच्या गोदामांत पडदे असलेल्या वस्तूंचा मोठा साठा असतो. परंतु दूरचित्रवाणी संचांची भारतात जुळणी होत असली तरी त्यांतील मूळ काचपॅनेल आयातच करावे लागते.

झडपेचे एकच तंत्र नाही. चुंबकीय क्षेत्रामुळे प्रकाशाचे ध्रुवण-प्रतल फिरते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८४५ मध्ये दाखवले. त्या आधारे १९८०च्या दशकात अमेरिकेत लोहयुक्त गार्नेटच्या पातळ थरावर १२८ × १२८, म्हणजे १६,३८४ चौकटींच्या चुंबक-प्रकाशीय झडपा तयार झाल्या. वीजप्रवाह थांबला तरी चौकट आपली स्थिती टिकवून ठेवते, हा त्यांचा मोठा गुण. म्हणून प्रतिमा जुळवून ओळखण्यासारख्या प्रकाशीय प्रक्रियांत त्या वापरल्या गेल्या. घरगुती पडद्यासाठी मात्र त्या गैरसोयीच्या ठरल्या. गार्नेट निळा प्रकाश बराच शोषून घेते, चौकटीला दोनच स्थिती असल्याने मधल्या छटा सहज मिळत नाहीत आणि गार्नेटचा थर महागड्या स्फटिक-चकतीवर वाढवावा लागतो. द्रवस्फटिकाला साधी, हवी तेवढी मोठी काच पुरते. बाजार काचेने जिंकला. पण मोठ्या काचेला प्रचंड भांडवलाचा कारखाना लागतो, आणि भारताची अडचण नेमकी येथेच आहे.

वेदान्त समूहाच्या ट्विनस्टार कंपनीने २०१६ मध्ये एलसीडी कारखान्यासाठी महाराष्ट्र शासनाशी करार केला. तो कारखाना उभा राहिला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर व डिस्प्ले उत्पादनासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉन यांनी १.५४ लाख कोटी रुपयांच्या चिप व डिस्प्ले प्रकल्पांसाठी गुजरातशी करार केले. तळेगावची अपेक्षा मोडल्याने महाराष्ट्रात राजकीय वादळ उठले. कारखाना कोणत्या राज्यात, यावरच चर्चा रंगली. पॅनेलचे तंत्र कोण देणार, हा अधिक कठीण प्रश्न मागे पडला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन भागीदारीतून बाहेर पडली.

भिवंडीची गोदामे मुंबईच्या जकात हद्दीबाहेर असल्याने वाढली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, तरी महामार्ग आणि न्हावा शेवा बंदर जवळ असल्याने गोदामे तेथेच राहिली. या साखळीत भिवंडीच्या वाट्याला माल उतरवणे, मोजणे व पुढे पाठवणे हेच काम आले आहे. २०२४ अखेरपर्यंत केंद्रीय योजनेत मंजूर झालेले पाचही प्रकल्प चिप उत्पादन, जुळणी व चाचणीचे होते. डिस्प्ले कारखाना त्यांत एकही नव्हता.