भुलीचे औषध वजनाच्या मापाने

वासराच्या शिंगांच्या कळ्या डागताना किंवा जखमेस टाके घालताना पशुवैद्य ती जागा सुईने बधिर करतात. या स्थानिक भुलीविषयी खेडोपाडी दोन मते ऐकू येतात. जनावराने क्षणभर कळ सोसली तर बिघडले काय, असे एक. आणि ही सुई निरुपद्रवी असून ती कोणीही टोचावी, असे दुसरे. आमच्या मते दोन्ही सारखीच घातक आहेत.

वेदनेने झटापट करणारे जनावर स्वतःस व धरणाऱ्यास इजा करते. म्हणून भूल ही चैन नव्हे. ती शस्त्रक्रियेचाच भाग होय. परंतु तेच औषध प्रमाणाबाहेर रक्तात उतरले म्हणजे मेंदू व हृदय यांवर आघात करते. लिग्नोकेनच्या २ टक्के द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली, तर ४० किलोच्या वासरास एकूण १० मिलिलिटर चालते; ४ किलोच्या करडास मात्र अवघे १ मिलिलिटर! शिवाय वासराच्या शिंगाकडे मुख्यत्वे एकच मज्जातंतू जातो, करडाच्या शिंगाकडे दोन. त्यामुळे दोन्ही शिंगे मिळून करडास चार ठिकाणी टोचावे लागते. दर वेळी वासराच्या अंदाजाने औषध सोडल्यास करडू डागण्यापूर्वीच दगावावयाचे.

यास्तव पशुपालकांनी हे काम पशुवैद्याकडूनच करवून घ्यावे. सुई शिरेत गेली नाही ना, हे दट्ट्या किंचित मागे ओढून पाहावे लागते. नंतर जागा बधिर होईपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते. त्यांना घाई करू नये. जनावर अस्वस्थ झाले, स्नायू फडफडू लागले, झटके आले किंवा ते एकाएकी मलूल पडले, तर तत्क्षणी पशुवैद्यास सांगावे. उरलेली कुपी घरी ठेवून पुढे आपल्या हाताने वापरू नये. दुभत्या जनावराचे दूध केव्हापासून वापरावे, हेही विचारून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे : शिबिरात औषधाच्या पेटीबरोबर वजनकाटाही न्यावा. प्रथम वजन, मग औषध, हा क्रम एकाही जनावराच्या बाबतीत मोडू देऊ नये.