घाटाच्या माथ्यावर

पावसाळा आला की महाबळेश्वरचा हंगाम संपला, असे आपण शहरवासी सहज म्हणतो. संपतो तो प्रवाशांचा हंगाम. डोंगरावरील माणसे डोंगरावरच राहतात, आणि त्यांची मुले आभाळ पाहून जन्म घेत नाहीत. जुलै २०२१ मध्ये येथे चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला व घाटरस्ते खचले. तशाच एखाद्या रात्री कोयना जलाशयाकाठी, तापोळ्याकडील गावात अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मास आले, तर त्याने जगावे कसे? आधी चढण चढून महाबळेश्वर, मग पसरणीचा वा केळघरचा घाट उतरून सातारा, हा त्याचा जगातील पहिला प्रवास!

नवजातांचा अतिदक्षता विभाग म्हटला की जिल्ह्याच्या ठिकाणची काचेची पेटी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु दीड किलोच्या देहाला स्वतःची ऊब टिकविता येत नाही. तो गारठला की रक्तातील साखर उतरते, श्वास अडखळतो. मग पेटी गाठली तरी गेलेली वेळ परत येत नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, अतिदक्षतेचा आरंभ घाटाच्या पायथ्याशी नव्हे, माथ्यावरच झाला पाहिजे.

ही कल्पनेची भरारी नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत निवडक स्त्रियांना नवजाताची शुश्रूषा शिकविली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. पाच देशांतील रुग्णालयांच्या २०२१ च्या अभ्यासात, कमी वजनाचे मूल जन्मताच मातेच्या उघड्या छातीशी ठेवल्याने मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले.

यंत्रे नकोत, असे आम्ही म्हणत नाही. कच्च्या फुप्फुसांना प्राणवायूवाचून गती नाही. परंतु यंत्राशेजारी जागते माणूस लागते. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षास आग लागली. सतरापैकी दहा बालके दगावली. कक्ष उभारणे निराळे, तो राखणे निराळे, हे त्या रात्रीने शिकविले.

तेव्हा पहिल्या पावसाआधी तीन गोष्टी व्हाव्यात. महाबळेश्वरी नवजातास सावरून धरणारा कक्ष, वीज गेली तरी चालणारा, प्रशिक्षित परिचारिकेसह अहोरात्र जागा असावा. घाट उतरणाऱ्या रुग्णवाहिकेत ऊब, प्राणवायू व जाणता सोबती असावा, आणि साताऱ्यास आगाऊ वर्दी जावी. तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त: आदिवासी भागांत शासनाने ‘माहेरघर’ योजना आणली, तशी सोय कोयनाकाठच्या जोखमीच्या गर्भवतींसाठीही करून, त्यांना दिवस भरण्यापूर्वीच वर आणावे. मातेच्या उदराइतका सुरक्षित प्रवास कोणतीही रुग्णवाहिका घडवू शकत नाही.

महाबळेश्वरची थंड हवा आपण पैसे मोजून घेतो. तीच हवा तेथील नवजाताचा जीव घेणार नाही, एवढे पाहणे हे शासनाचे कर्तव्य आहे. त्याची आठवण देत राहणे हे आपले.