तांब्याभर पाणी आणि बेलाचे पान

महाशिवरात्रीला पहाटेपासून मुलुंड पश्चिमेच्या बालराजेश्वर मंदिरात दर्शनाची रांग लागते. ज्या रस्त्यावर ती लागते, त्याला नावही याच देवाचे आहे. बाहेर टोपल्यांतून बेल, धोतरा आणि पांढरी फुले येतात. घरी साबुदाणा भिजतो, रताळी उकडतात. कवठाची टणक कवटी फोडून त्याचा आंबट गर गुळात कालवला जातो. अनेक मुलुंडकर पुढच्याच स्टेशनावर उतरून ठाण्याच्या कौपीनेश्वरालाही जातात. 1957 साली मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. ठाण्याशी त्याचा घरोबा त्याच्याही आधीचा आहे.

कौपीनेश्वराच्या इतिहासात माणसांचे कष्ट पदोपदी दिसतात. परंपरा या स्थानाचा संबंध शिलाहारांशी जोडते. पुढे ठाणे ज्यात येते त्या साष्टी बेटावर पोर्तुगीज अंमल आला. मराठ्यांनी 1737 साली ठाणे जिंकले आणि 1774 च्या अखेरीस ते इंग्रजांच्या हाती गेले. मधल्या उण्यापुऱ्या 37 वर्षांतच, 1760 साली, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी हे मंदिर नव्याने उभे केले. 1879 मध्ये सभामंडपाचे काम झाले ते लोकवर्गणीतून. तोवर सत्ता परकी झाली होती, राजाश्रय उरला नव्हता. तरी गावाने आपला देव उघड्यावर पडू दिला नाही. सव्वाचार फूट उंच आणि बारा फूट घेराचे ते भव्य शिवलिंग आज आपण पाहतो, त्याचे श्रेय जसे बिवलकरांना आहे तसेच त्या वर्गणीदारांनाही आहे. मंदिर जुने होते ते असे, दर पिढीने आपला वाटा उचलल्यामुळे. मग आपल्या पिढीचा वाटा कोणता?

त्याचे उत्तर शंकराच्या पूजेतच आहे. महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत. अभिषेकाचे पाणी ज्या वाटेने बाहेर पडते त्या सोमसूत्रापर्यंत जायचे आणि तिथूनच मागे फिरायचे, हा नियम आपल्या आजी-आजोबांनी बोट धरून शिकवला. देवावरून वाहून गेलेले पाणीसुद्धा पायाखाली येऊ द्यायचे नाही, एवढी त्याची बूज. बेलाची गोष्ट तशीच. त्रिदल अखंड हवे, पालथे वाहायचे. पण ताजा बेल मिळाला नाही, तर आधी वाहिलेलाच धुऊन पुन्हा वाहावा, अशी मुभा शास्त्राने दिली आहे. फुलाला निर्माल्य म्हणून बाजूला काढणारी परंपरा बेलाला मात्र शिळा मानत नाही. अंगाला भस्म फासणाऱ्या या देवाने भक्ताकडे कधीच फार मागितलेले नाही.

आपण मात्र फार वाहू लागलो आहोत. सोमसूत्र न ओलांडणारे आपण, घरातले निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ती पिशवी तशीच तलावात किंवा खाडीत सोडतो. कौपीनेश्वर मासुंदा तलावाच्या काठी वसला आहे, आणि तलावपाळीशिवाय त्या देवस्थानाची कल्पनाही करता येत नाही. ठाण्यात एके काळी साठ तलाव होते असे सांगतात. आज पस्तिसाच्या आसपास उरले आहेत. उरलेल्यांना जपणे हे ज्या भक्तीत बसत नाही, ती भक्ती अपुरी आहे.

मुलुंडकरांनी तर पाण्याचा विचार अधिकच करायला हवा. तानसाच्या अजस्र जलवाहिन्या आपल्या उपनगरातून मुंबईकडे जातात. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यातली. महाशिवरात्र झाली की उन्हाचा ताव वाढू लागतो आणि मुंबईची तहान भागवणाऱ्या त्याच तालुक्यातले कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. तिथल्या बायाबापड्या हंडे घेऊन मैलभर चालतात. आपल्या तांब्यातले पाणी त्यांच्या उशाकडून आले आहे, याची आठवण अभिषेक करताना ठेवणे हेही पुण्यच आहे.

कुणी म्हणेल, लोक श्रद्धेने नवस बोलतात, दुधाच्या घागरी ओततात, त्यात लुडबुड कशाला? श्रद्धेला हात लावण्याचा प्रश्नच नाही. पळीभर दूध देवाला आणि उरलेले गरजू लेकरांच्या पोटात गेले, तर नवस फिटत नाही असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. ज्याच्यापुढे बेलाचे धुतलेले पान चालते, त्याच्यापुढे भाव पाहिला जातो, मोजमाप नव्हे. चार प्रहरांची पूजा, रुद्राची आवर्तने, रात्रीचे जागरण, दुसऱ्या दिवशीचे पारणे हे सारे जसेच्या तसे राहावे. त्यातला गोडवा एका थेंबानेही कमी होणार नाही.

तेव्हा या महाशिवरात्रीला एवढे करू या. घरून तांब्याभर पाणी आणि मोजका बेल घेऊन निघू या. प्लास्टिकची पिशवी घरीच ठेवू या. निर्माल्य कलशातच टाकू या. मंदिरांच्या विश्वस्तांनी त्याचे खत करून परिसरातल्या झाडांना घालावे आणि जमेल तिथे एक बेलाचे झाडही लावावे. महापालिकेने उत्सवाच्या दिवशी कलश वेळेवर रिकामे करावेत. 1879 च्या ठाणेकरांनी वर्गणी काढून सभामंडप उभा केला. आपल्याला पैसे नव्हे, थोडी शिस्त द्यायची आहे. ती प्रत्येकाने आपल्यापासून सुरू करावी.